पाण्याची 'ओढ' आणि पाण्याचा 'रोध'

विचारणा अशी आहे: 'ड्रॅग', म्हणजे पाणी किंवा हवा वस्तूच्या गतीला करते तो विरोध, या संज्ञेला मराठीत 'ओढ' म्हणावं, 'रोध' म्हणावं की सरळ 'घर्षण'? आणि अलिबागकडे 'आज पाण्याला ओढ आहे' म्हणतात, ती ओढ म्हणजे ड्रॅगच का?

शास्त्रीय लेखनात 'रोध' घ्यावा. किनाऱ्यावरची 'ओढ' मात्र चुकीची नाही, तिचा अर्थ वेगळा आहे. 'पाण्याला ओढ आहे' म्हणजे प्रवाहाला जोर आहे. तो पाण्याचा गुण झाला. रोध हे पाणी आणि वस्तू यांच्या सापेक्ष वेगामुळे वस्तूवर येणारं बल आहे. वारा पडलेला असताना इंजिन बंद करून होडी सोडून दिली, की थोड्या वेळात तिचा वेग पाण्याइतका होतो. तेव्हा ओढ तेवढीच असते, पण रोध जवळजवळ शून्य. तीच होडी नांगरली की पाणी तिच्या अंगावरून वाहतं आणि दोर ताठ होतो. इथे मात्र कोळी ज्याला ओढ म्हणतो आणि पुस्तक ज्याला रोध म्हणतं, ते बल एकच.

त्याचं मोजमाप असं: रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. १ चौरस मीटरची सपाट फळी १ मीटर प्रति सेकंद वेगाच्या समुद्रप्रवाहाला काटकोनात आडवी धरली, तर तिच्यावर सुमारे ६०० न्यूटन, म्हणजे ६० किलो वजनाइतकं बल येतं. प्रवाह दुप्पट झाला की ते २४०० न्यूटन. हवेत तेवढंच ६०० न्यूटन बल यायला ताशी १०० किलोमीटरच्या पुढचं वारं लागेल, कारण समुद्राचं पाणी हवेपेक्षा आठशे पटींहून अधिक घन आहे. डोल जाळं प्रवाहाकडे तोंड करून खुंटांना बांधलेलं असतं. भांगापेक्षा, म्हणजे अष्टमीच्या सुमाराच्या लहान भरतीपेक्षा, अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला प्रवाह दीडपट झाला, तर खुंटांवरचा भार सव्वादोन पट होतो. त्यात कचरा किंवा जेलीफिश भरून बारीक आसाचा (छिद्रांचा) खोला, म्हणजे जाळ्याचं मागचं टोक, तुंबला, की पाणी आरपार जात नाही, भार आणखी चढतो आणि दोर तुटतात किंवा खुंट उपटतो.

पोहणाऱ्यालाही हा फरक ठाऊक हवा. समुद्राकडे परतणाऱ्या प्रवाहात सापडलेला माणूस नुसता तरंगला तर त्याला बाहेर नेलं जातं, पण प्रवाह त्याला खाली खेचत नाही. तो दमतो ते प्रवाहाच्या उलट पोहायला गेल्यामुळे: पाण्याशी सापेक्ष वेग दुप्पट करायचा तर रोध चौपट आणि लागणारी शक्ती आठपट. म्हणून आधी तरंगत राहावं, मग किनाऱ्याला समांतर पोहून त्या अरुंद पट्ट्यातून बाहेर पडावं आणि नंतरच किनाऱ्याकडे वळावं.

'घर्षण' हा शब्द ड्रॅगसाठी अपुरा आहे. होडी वाळूवरून वर ओढताना जे आडवं येतं ते घर्षण. ते मुख्यतः वजनावर ठरतं, हळू ओढा की जोरात, फारसा फरक पडत नाही. म्हणून तिथे खाली ओंडके घालतात. पाण्यात घर्षण हा रोधाचा एक भाग असतो. उरलेला भाग आकारामुळे आणि होडीनं उठवलेल्या लाटांमुळे येतो. इंग्रज अभियंते विल्यम फ्रूड यांनी १८७०च्या दशकात इंग्लंडमधल्या टॉर्की इथे टाकीत जहाजांच्या प्रतिकृती ओढून घर्षणाचा भाग आणि लाटांचा भाग वेगळे काढले. त्यातला घर्षणाचा भाग बुडावर शेवाळ नि शिंपले चिकटले की वाढतो, आणि त्याच वेगाला डिझेल जास्त जळतं. बूड खरवडायचं ते यासाठी.

'कर्षण' सुचवलं जातं, पण त्याचा मूळ अर्थच ओढणं. होडीला पुढे नेणारं बल आणि मागे धरणारं बल यांत त्यानं गोंधळ होईल. पुढे नेणाऱ्या बलाला 'रेटा' हा चांगला शब्द आहे.

'रोध' वापरताना एक खबरदारी घ्यावी. विजेच्या प्रकरणातही तोच शब्द येतो, आणि 'जलरोध' असा समास केला तर वाचकाला 'जलरोधक' कापड आठवतं. तेव्हा 'पाण्याचा रोध', 'हवेचा रोध' असं सुटं लिहावं.