सांगलीच्या तालमीत डोक्याला मार लागून तीन आठवडे झाले, सीटी स्कॅन नॉर्मल आहे, तरी दहावीतल्या मुलाचं अभ्यासात लक्ष लागत नाही. हे कायमचं राहील का?

बहुधा नाही, एकदाच कन्कशन (डोक्याला मार लागून मेंदूला बसलेला हादरा) झालं असेल तर या वयातली बहुतेक मुलं महिन्याभरात पूर्ववत होतात. पण स्कॅन नॉर्मल आला म्हणून मुलगा अभ्यास टाळायला नाटक करतोय, असं कृपा करून समजू नका. हादऱ्याने मेंदूच्या पेशींचं काम काही काळ बिघडतं. सीटीत रक्तस्राव किंवा फ्रॅक्चर दिसतं, हा बिघाड दिसत नाही. लक्ष न टिकणं, वाचलेलं विसरणं, उत्तराला वेळ लागणं, चिडचिड ही त्याचीच लक्षणं. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या कॅनडातल्या मोठ्या अभ्यासात सुमारे ३१ टक्के मुलांना चार आठवड्यांनंतरही त्रास होता, म्हणजे तुमचा मुलगा एकटा नाही. अंधाऱ्या खोलीत आठवडेच्या आठवडे झोपवून ठेवायचा सल्ला आता मागे पडलाय. पहिले २४ ते ४८ तास विश्रांती, मग रोज चालणं आणि वीस-वीस मिनिटांचा अभ्यास, डोकं जास्त दुखू लागलं की थांबायचं. शाळा नीट जमू लागल्यावरच तालीम. वस्तादांना स्पष्ट सांगा, डॉक्टरांच्या परवानगीशिवाय जत्रेच्या मैदानातही उतरवायचं नाही. कारण बरं होण्याआधी पुन्हा मार बसला तर माझं वरचं 'बहुधा नाही' लागू राहत नाही. आधीची अशी दुखापत, मायग्रेन किंवा नैराश्य असेल तरी जास्त वेळ लागतो. महिना उलटूनही फरक नसेल तर न्यूरॉलॉजिस्टकडे जा. उलट्या, वाढती डोकेदुखी किंवा गुंगी आली तर मात्र लगेच दवाखाना गाठा.