मूनवॉक नक्की कोणाचा?

प्रश्न : भाऊ, हळदीला डीजेपुढे आमचा एक मित्र मूनवॉक मारतो आणि छातीठोक सांगतो की हा मायकल जॅक्सननेच शोधला. खरंय का? – एक वाचक, चाळीसगाव

उत्तर : नाही हो. बिल बेली नावाचा टॅप डान्सर १९५५ मध्येच असा मागे घसरत जाताना फिल्मवर दिसतो. पण जगभर गाजवला मायकलनेच, मोटाऊन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीच्या पंचविशीच्या कार्यक्रमात, शूटिंग मार्च १९८३ ला आणि टीव्हीवर आलं १६ मेला, त्याचं 'बिली जीन' गाणं चालू, आखूड काळी पँट, चकाकते मोजे, म्हणजे नजर थेट पायांवर, आणि ती स्टेप जेमतेम दोन-चार सेकंद! गाणं रेकॉर्डवरचं, हा फक्त ओठ हलवतोय (आपल्याकडच्या ऑर्केस्ट्रात पब्लिकने खुर्च्या फेकल्या असत्या). मित्राला सांगा, गुळगुळीत फरशीवर कर बाबा, मातीच्या अंगणात बूट सरकत नाही.