शेतकऱ्यांचा ‘ऱ’ आणि सोसायटीचा कॉम्प्युटर

आमच्या कृषी पत्तीन (पतपुरवठा) सोसायटीत तीन कॉम्प्युटर आहेत. वर्ड विकत घ्यावं की फुकटचं लिबरऑफिस चालेल?
– सेक्रेटरी, खानापूर तालुका

नोटिसा, ठराव, सभासदांना पत्रं एवढंच काम असेल तर लिबरऑफिसमधलं रायटर पुरे. तीन मशीनवर टाका नाहीतर तीसवर, पैसा लागत नाही. नेटही लागत नाही. खानापूरच्या पावसाळ्यात ही गोष्ट लहान नव्हे. फाइल ते ओडीटी प्रकारात सेव्ह करतं, तेवढं सेटिंगमध्ये जाऊन एकदाच डॉकएक्स, म्हणजे वर्डचा प्रकार, करून ठेवा. ऑडिटरकडून तक्ते भरलेली वर्डची फाइल येत असेल, तर ती रायटरमध्ये कधीकधी विस्कटते. त्यासाठी एका मशीनवर वर्ड घ्या, तिन्हींवर नको. कुणी ऑफिस 2016 किंवा 2019 स्वस्तात देतो म्हणाला तर नको म्हणा. मायक्रोसॉफ्टने 14 ऑक्टोबर 2025 पासून त्यांचं सपोर्ट बंद केलंय.

वाचनालयाचे जुने अहवाल श्री-लिपीत टाइप केलेले आहेत. नव्या कॉम्प्युटरवर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात. वर्ड बिघडलं का?
– कार्यवाह, निपाणी

वर्ड ठणठणीत आहे. त्या काळच्या फॉन्टमध्ये फाइलच्या आत इंग्रजी अक्षरांचेच संकेत असायचे, त्यांना मराठी रूप फॉन्ट द्यायचा. फॉन्ट नसला की आतलं उघडं पडतं. तोच फॉन्ट पुन्हा टाकलात तर अहवाल आज वाचता येतील, पण दुखणं तसंच राहील. कन्व्हर्टरने सगळं युनिकोडमध्ये, म्हणजे मराठी अक्षरांना स्वतःचे संकेत असलेल्या पद्धतीत, आणा आणि मूळ फाइली मात्र पुसू नका.

मग खरं काम सुरू होतं, ते म्हणजे डोळ्यांनी तपासणं. एका संस्थेचा अहवाल मी असाच बदलून दिला. सभेच्या आदल्या रात्री पाहतो तर पानोपानी ‘शेतकर्यांना’, ‘कर्मचार्यांना’! रफार आला, आडवा र गेला. युनिकोडमध्ये त्यासाठी नुक्त्याचा, म्हणजे खाली टिंब असलेला ऱ लागतो: ऱ, हलन्त (पाय मोडायचं चिन्ह), मग य. इनस्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या कीबोर्डवर तो शिफ्ट आणि जे दाबून येतो. ‘शोधा आणि बदला’ वापरून एका झटक्यात सगळे दुरुस्त करायला जाऊ नका, नाहीतर ‘कार्यालया’चं ‘काऱ्यालय’ होऊन बसेल. नुडी या कन्नड सॉफ्टवेअरमधल्या जुन्या फाइलींचंही दुखणं हेच.

एकाच नोटिशीत मराठी आणि कन्नड दोन्ही टाइप करावं लागतं. कोणतं सॉफ्टवेअर घेऊ?
– क्लार्क, बेळगाव

नवं काही घेऊ नका. वर्ड आणि रायटर दोन्हींत जमतं. शिकायचा तो कीबोर्ड. इनस्क्रिप्टची रचना सगळ्या भारतीय लिप्यांना जवळजवळ सारखी आहे. मराठी क ज्या कळीवर, कन्नड क त्याच कळीवर. कन्नडमधल्या ऱ्हस्व ए आणि ओ साठी दोन-चार कळा जास्त शिकाव्या लागतात, बाकी हात बसलेलाच. विंडोजची कळ आणि स्पेसबार दाबला की भाषा बदलते. सीमाभागातल्या माणसाला याहून सोयीची गोष्ट मी पाहिली नाही, तरी दहातले आठ जण अजून इंग्रजी स्पेलिंग ठोकून मराठी उमटवतात.

अक्षरांचा आकार वाढवूनही मराठी तसंच राहिलं तर चक्रावू नका. आपल्या लिप्यांचा फॉन्ट आणि आकार ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’ या वेगळ्या खान्यात असतो, तिथे बदला.

वर्कशॉपची कोटेशनं मोबाइलवरून करतो. गूगल डॉक्स चालेल?
– उद्यमबाग, बेळगाव

चालेल. गिऱ्हाइकाला पाठवताना पीडीएफच पाठवा. वर्डची फाइल पाठवलीत तर दर कुणीही बदलू शकतो.