मुलाला घेऊन इंग्लंडला यावं का विचारलंत म्हणून

तुमचा प्रश्न परवा वाचला आणि तेव्हापासून डोक्यातून जाईना. मुलगा सहा वर्षांचा, ऑटिझम, अजून वाक्यात बोलत नाही, मिस्टरांना इंग्लंडमध्ये नोकरी मिळतेय, तिकडे अशा मुलांच्या शाळा चांगल्या असतात म्हणे, तर यावं का. आम्ही नऊ वर्षांपूर्वी पुण्याहून असेच आलो, पोरगा तेव्हा साडेचारचा. व्हिसा, त्यासोबत भरायचा आरोग्य सरचार्ज वगैरे सरकारी साइटवर आहे, ते तिथंच बघा.

शाळा चांगल्या आहेत पण आपोआप काही मिळत नाही. इथं ईएचसीपी (एज्युकेशन, हेल्थ अँड केअर प्लॅन) नावाचा कागद असतो, २०१४ च्या कायद्यातला. मुलाला कसली मदत, किती तास, ते त्यात लिहितात आणि लिहिलेलं द्यावंच लागतं. कौन्सिलकडे, म्हणजे तिथल्या पालिकेकडे, अर्ज केला की तपासणी करणार की नाही ते ६ आठवड्यांत सांगायचं, सगळं २० आठवड्यांत उरकायचं, असा नियम. आमचं १४ महिने चाललं. त्याआधीचं एक वर्ष वेगळंच, कारण शाळा म्हणत राहिली अजून थोडं निरीक्षण करू, आणि आईबापाला स्वतः अर्ज करता येतो, डायग्नोसिस नसलं तरी चालतं, हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही. तुम्ही पत्ता पक्का झाला की त्याच आठवड्यात करा. ऑक्युपेशनल थेरपी, स्पीच थेरपी, कानाची टेस्ट, सगळे रिपोर्ट सही-शिक्क्यानिशी आणा. आपल्याकडच्या यूडीआयडी या दिव्यांग कार्डाचा इथं उपयोग नाही. आणि कुणी ओळखीचं म्हणेल की मुलाच्या अपंगत्वाचा सरकारी भत्ता मिळतो, डीएलए, भर की फॉर्म, तर वर्क व्हिसावर तो मागायचा नाही. शाळा आणि ईएचसीपी मात्र अशा भत्त्यांत धरत नाहीत, ते बिनधास्त मागा.

आता जे अजून सलतं ते. पहिल्या वर्षी जवळजवळ रोज साडेअकराला फोन. आज जरा अपसेट आहे, घेऊन जाल का? बायको बसने जायची, तर हा रिसेप्शनमध्ये, बूट मांडीवर घेऊन बसलेला, मोजे ओले. कागदावर कुठंच काही नाही. असं तोंडी घरी पाठवणं कायद्यात बसत नाही हे फार उशिरा कळलं. तुम्हाला फोन आला तर सरळ म्हणा, लेखी द्या. मी काय म्हणायचो? भांडू नकोस, आपण इथं नवीन आहोत. ऑफिसात बसून असं म्हणायला काय जातं. तिनं नोकरी शोधायचं सोडलं ते सोडलंच, आणि माझं हे वाक्य ती अजून ऐकवते. ऐकवू दे.

एकटेपणाचं विचारलंत. असतो. गणपतीत जास्त. पुढं.

खरं सांगायचं ते भाषेचं. इथं आलो तेव्हा त्याला पाणी, नको, भुर्र असे सात-आठ शब्द होते, सगळे मराठी. शाळेतल्या एक बाई म्हणाल्या, घरी फक्त इंग्रजी बोला, दोन भाषांनी गोंधळेल. आता इथले स्पीचवालेच सांगतात की असं काही नसतं, घरची भाषाच बोला. पण मी तेव्हा एका संध्याकाळी घरातलं मराठी बंद केलं. बायको नको म्हणत होती. साताऱ्याला आईला फोन करून म्हणालो, त्याच्याशी इंग्रजीतच बोल. आईनं शेजारच्या मुलीकडून वहीत देवनागरीत वाक्यं लिहून घेतली, डिड यू ईट, व्हेअर इज युवर शूज. ती वही अजून फोनशेजारी असते. मी तिला आता सांगितलंय की मराठीत बोल, तर म्हणते त्याला कळत नाही रे, आणि ते खरंय.

तो आता बरा बोलतो, इंग्रजीत, शाळाही चांगली मिळाली. म्हणून यावं का याला मी हो म्हणेन, नाही म्हणायला तोंड नाही. पण त्याचे जे चार शब्द आहेत ते काढून घेऊ नका, कुणीही काहीही म्हणो.

गेल्या रविवारी आईनं वहीत बघून विचारलं, यू वॉन्ट लाडू? तो म्हणाला, नको. तो शब्द कसा कोण जाणे राहिलाय. आई दिवसभर शेजाऱ्यांना सांगत होती, आमचा बाळ मराठी बोलला.

कुठल्या गावात येताय ते कळवा, कौन्सिलप्रमाणे फार फरक पडतो.