एड मागितली तर पत्ता कट?

प्रश्न: मुलगी बारावी सायन्सला आहे, अमेरिकेत अप्लाय करायचंय. फायनान्शियल एड मागितली की चान्स जातो म्हणतात, खरंय का?

उत्तर: ताई, ते कॉलेजवर आहे. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट हे परदेशी मुलांचंही अ‍ॅडमिशन ठरवताना पैशाची ऐपत बघत नाहीत, तिथे बिनधास्त मागा. बाकी बऱ्याच ठिकाणी मात्र फरक पडतो, आणि तिथे आधी नको म्हणून नंतर मागू असला जुगाड सहसा चालत नाही. सीएसएस प्रोफाइलमध्ये (एड मागताना बरीच कॉलेजं भरून घेतात तो ऑनलाइन फॉर्म) घरची कमाई, बचत सगळं भरावं लागतं, त्यामुळे आयटी रिटर्न आत्ताच काढून ठेवा. आणि एमआयटीला कॉमन अ‍ॅप (अनेक कॉलेजांना चालणारा एकच अ‍ॅडमिशन फॉर्म) चालत नाही हं, त्यांचा फॉर्म वेगळा, शिवाय सॅट किंवा एसीटी ही प्रवेश परीक्षा लागतेच.