नदीकाठचे प्रश्न : बोटुकली सोडली, मग मासा गेला कुठं?

रोहिणी निघाल्या की या सदराला पत्रं जास्त येतात, आणि यावेळी व्हॉट्सॲपवर फोटोही भरपूर आलेत. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही. ज्यात चार जणांचा फायदा आहे ते प्रश्न घेतलेत, आणि पहिलाच इतका मोठा झालाय की बाकीच्यांनी थोडं सांभाळून घ्या.

प्रश्न : भाऊ, आम्ही शिरपूर तालुक्यातले, तापीकाठचे. गावातल्या पोरांनी वर्गणी काढून एका वर्षी 10 हजार आणि दुसऱ्या वर्षी 15 हजार बोटुकली नदीत सोडली. दोन्ही वेळा 15 ऑगस्टला, झेंडावंदन झाल्यावर. पण जाळ्यात कटला नाही की रोहू नाही, तीच चिलापी (टिलापिया) येते. म्हातारे लोक हसतात, म्हणतात आते नदीमा काय शे भाऊ. यंदा 50 हजार सोडायचा विचार आहे. बरोबर आहे ना? सोबत फोटो पाठवलाय.

उत्तर : 50 हजार सोडू नका. आधी तुमच्या फोटोबद्दल बोलतो कारण अर्धं उत्तर त्यातच आहे. सरपंचांच्या हातात प्लास्टिकची पिशवी आहे, त्यातलं बी पाहिलं मी मोठं करून, काडेपेटीतल्या काडीपेक्षा लहान आहे ते. त्याला बोटुकली म्हणत नाहीत, फार तर अर्धबोटुकली. जिऱ्याएवढं असतं ते मत्स्यजिरे, त्यानंतर अर्धबोटुकली आणि बोटाएवढं झालं की बोटुकली, नावातच माप दिलेलं आहे आणि तरी लोक बिलावर बोटुकली लिहिलेलं बघून पैसे देऊन मोकळे होतात. तळ्यात शत्रू मासे काढून टाकलेले असतात म्हणून तिथं एवढंसं बी चालतं, पण नदीत शिंगाळा आहे, मरळ आहे, वाम आहे, त्यांना तुम्ही वर्गणी काढून जेवण घातलंत असं समजा. नदीत सोडायचं असेल तर चार इंचाच्या खाली घेऊच नका, महाग पडतं, मग कमी घ्या.

दुसरी गोष्ट तारीख. 15 ऑगस्टला तापी काय स्थितीत असते ते तुम्हाला मी काय सांगू, वर हतनूर धरणाच्या 41 दरवाजांपैकी किती उघडले ते रोज पेपरात येत असतं आणि खाली सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा या तिन्ही बॅरेजची दारं पुरात वर उचललेली असतात. मग तुमचं बी थांबणार कुठं? ते गेलं उकाई धरणात. गुजरातच्या भोई बांधवांनी तुमचे आभार मानायला पाहिजेत. पूर ओसरून बॅरेजची दारं बंद झाली आणि पाणी निवळलं की मग सोडा, म्हणजे नवरात्राच्या पुढे.

आणि सोडायची पद्धत. मी पाहिलंय, भाषण संपलं की पिशवी फोडून वरून धार सोडतात आणि टाळ्या वाजतात. पिशवीतलं पाणी टेम्पोत तापलेलं असतं, नदीचं गार असतं, तेवढ्या फरकानं पिल्लू आडवं होतं, लगेच मरत नाही म्हणून आपल्याला कळत नाही. पिशवी बंद असतानाच पंधरा-वीस मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवायची, मग तोंड सोडून नदीचं पाणी ओंजळीनं थोडं थोडं आत घालायचं आणि पिशवी आडवी धरायची. पिल्लं आपण होऊन बाहेर पोहत जातात. जी जात नाहीत ती मोजा, म्हणजे बी कसं होतं ते समजेल. संध्याकाळी किंवा सकाळी सोडा, दुपारी बारा वाजता पाहुणे येईपर्यंत थांबू नका.

आता खरं दुखणं सांगतो, राग मानू नका. मी भोईवाड्यातला माणूस, बी आणायच्या आणि सोडायच्या कामात केस पांढरे झाले, त्यामुळे बी वाईट असं मी म्हणणार नाही. 10 जुलै 1957 ला ओडिशात अंगुलला मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधरी यांनी इंजेक्शन देऊन कार्प माशांकडून अंडी घालून घेतली, तेव्हापासून बी मुबलक मिळायला लागलं (त्याच तारखेला मत्स्यशेतकरी दिवस असतो), आणि आता 2020 पासूनच्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेतही नदीत बोटुकली सोडायचा भाग आहे. पण त्या शोधाआधी हजारो वर्षं नदीत मासा होताच की. तो कुठून येत होता? पुरातून. कटला, रोहू, मृगळ हे साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत, त्यांना वाहतं गढूळ पाणी लागतं, नव्या पुराचं पाणी काठाच्या गवतात पसरलं की माद्या उथळ पाण्यात चढतात आणि तिथं अंडी टाकतात, पंधरा-अठरा तासांत पिल्लं बाहेर. रोहूच्या मादीला किलोमागे 2 ते 3 लाख अंडी असतात. म्हणजे तुमच्या वर्गणीची दोन वर्षांची मिळून 25 हजार बोटुकली म्हणजे एका किलोच्या एका रोहूची एका दिवसाची गंमत आहे, त्यातली शंभरात नव्व्याण्णव मेली असं धरलं तरी दोन-तीन हजार उरतात, आणि ती आपल्याच नदीत जन्मलेली.

आणि आपण त्या मादीचं काय करतो? पहिला पूर आला की अख्खं गाव नाल्याच्या तोंडाशी. काठ्या, मच्छरदाण्या, पाग (फेकायचं जाळं), साड्या, जे हाताला लागेल ते. चढणीचे मासे म्हणून कौतुकानं स्टेटसला फोटो ठेवतो, पोट फुगलेली चार किलोची मादी, आणि खाली लिहितो गाबोळी (पोटातली अंडी) भारी निघाली. गाबोळी खायला मलाही आवडते, तव्यावर काळा मसाला लावून भाजलेली, खोटं कशाला बोलू. पण जून-जुलैत ती खायची आणि ऑगस्टमध्ये बी विकत आणायचं हा हिशोब कोणत्या वाण्याला दाखवला तर तो दुकानातून हाकलून देईल.

म्हणून यंदा 50 हजार ठेवा बाजूला. मृग लागल्यापासून पोळ्यापर्यंत तुमच्या शिवारातले नाले जिथं नदीला मिळतात तिथं जाळं लागू देऊ नका, पोरं आहेतच, आळीपाळीनं बसवा. आणि एक डोह निवडा जो मे महिन्यातही आटत नाही, त्यात बारा महिने जाळं नाही. डोह म्हणजे नदीचं बियाणं ठेवायची कणगी, उन्हाळ्यात तिथंच जोड्या उरतात. वाळू उपसणाऱ्यांनी तो विस्कटला असेल तर मात्र आधी ते भांडण भांडावं लागेल. आणखी एक, तुमच्या पट्ट्यात मच्छीमार सहकारी संस्थेचा ठेका असेल तर त्यांच्या अध्यक्षांना पहिल्या बैठकीलाच बोलवा, पोट त्यांचं आहे, आपण काठावरून शहाणपण शिकवायला गेलो तर ते ऐकणार नाहीत आणि ते बरोबरच आहे. त्यांच्याशी जाळ्याच्या आसाबद्दल, म्हणजे भोकाच्या मापाबद्दल बोला. दोन बोटांच्या आसाचं जाळं पावशेरचा रोहू उचलतं, त्यानं आयुष्यात एकदाही अंडी घातलेली नसतात, कारण तो दुसऱ्या वर्षानंतर कुठं अंड्यावर येतो. चार बोटांचं जाळं लावलं तर पहिलं वर्ष माल कमी निघेल, हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर तिसऱ्या महिन्यात तुमच्या नावानं शिमगा.

राहिली चिलापी. ती 1952 साली भारतात आणली गेली, मादी अंडी आणि पिल्लं तोंडात सांभाळते आणि वर्षातून कितीतरी वेळा विते, तिला पूर लागत नाही की काही लागत नाही. ती काढा, खा, विका, लहान-मोठी सगळी. तिच्यासाठी नियम नाही.

प्रश्न : भडगावजवळ गिरणेच्या एका डबक्यात लाल रंगाची बारीक पिल्लं थव्यानं फिरतात. कोणते मासे? घरच्या टाकीत ठेवले तर जगतील का?

उत्तर : मरळ. जवळून बघा, पाण्यावर तव्याएवढा लालसर डाग सरकत असतो आणि त्यात खिचडी शिजताना येतात तसे बुडबुडे येत असतात, ती पिल्लं हवा घ्यायला वर येतात कारण मरळ पाण्याबाहेरची हवाही घेते. त्या डागाच्या खाली आई-बाप असतात, नर तर जागा सोडत नाही. म्हणूनच मारणं सोपं असतं. मी बारा वर्षांचा असताना चुलत्यासोबत असाच डाग बघून भाला मारला होता, दोन्ही मोठे मिळाले, शाबासकी मिळाली. तिसऱ्या दिवशी बघितलं तर डाग निम्मा झाला होता आणि पाचव्या दिवशी नव्हताच, बेडूक, बगळे, दुसरे मासे सगळ्यांनी मिळून खाल्ला. टाकीत ठेवू नका, एकमेकांना खातात. डबकं आटणार असेल आणि नदीला पाण्याचं आवर्तन येणार नसेल तरच पिल्लं आणि आई-बाप सगळे एकत्र उचलून जवळच्या डोहात न्या.

प्रश्न : रावेरहून लिहितोय. दरवर्षी पहिला मोठा पाऊस झाला की पहाटे नाल्यात मासे वर तोंड करून आ वासतात, काही मरतात. लोक टोपल्या भरून नेतात. खायला चालतात का? केळीवरच्या औषधांमुळे होतं का?

उत्तर : दोन्ही असू शकतं, ओळखायचं कसं ते सांगतो. उन्हाळाभर नाल्यात पालापाचोळा, शेण, गटाराचं पाणी साचतं, पहिल्या पुरात ते सगळं ढवळून निघतं आणि कुजताना पाण्यातला ऑक्सिजन खातं. ऑक्सिजन सूर्योदयाच्या आधी सगळ्यात कमी असतो म्हणून पहाटेच दिसतं, आधी मोठे मासे जातात, झिंगे काठाच्या दगडावर चढून बसतात, आणि ऊन आलं की उरलेले सावरतात. विषारी औषधाचं पाणी आलं असेल तर वेळेचा संबंध नसतो, लहान-मोठे सगळे एकदम, सोबत झिंगे, बेडूक, कधी पाणसापही. असं दिसलं तर एकही मासा घरी नेऊ नका, बाटलीत पाणी भरून ठेवा आणि तलाठ्याला आणि मत्स्यव्यवसाय विभागाच्या सहाय्यक आयुक्तांच्या कार्यालयाला कळवा. पहिल्या प्रकारातले जिवंत पकडलेले चालतात. मेलेला सापडला तर कोणत्याच प्रकारातला खाऊ नका, तो केव्हा मेला ते आपल्याला माहीत नसतं. आणि फवारणीचे पंप नाल्यात धुणं बंद झालं तर निम्मी पत्रं मला येणारच नाहीत.

प्रश्न : सर, मी धडगाव भागात शिक्षक आहे. म्हातारे सांगतात नर्मदेत माणसाएवढे महसीर होते. लोणावळ्याला महसीरची पिल्लं तयार करतात असं वाचलं. आणून सोडावीत का?

उत्तर : भावना चांगली पण नको गुरुजी. महसीर एकच नसतो. आपल्या नर्मदेतला वेगळा, तो मध्य प्रदेशाचा राज्यमासा आहे, आणि लोणावळ्याच्या केंद्रात वाढवला तो निळ्या पराचा महसीर वेगळा. हाच निळ्या पराचा कावेरीत सोडला गेला, चांगल्या हेतूनंच, आणि आज तिथला मूळचा कुबडाचा महसीर अतिशय धोक्यात आहे, त्याचं शास्त्रीय नाव 2018 मध्ये पक्कं झालं तोपर्यंत तो संपत आला होता. शिवाय सरदार सरोवराचं पाणी तुमच्या भागात थांबलेलं आहे आणि महसीरला अंडी घालायला दगडगोट्यांचं वाहतं पाणी लागतं. ते आता सातपुड्यातून येणाऱ्या उपनद्यांमध्येच उरलंय, तिथं टोटे (स्फोटकं) उडवणं थांबलं तर जे काही शिल्लक आहे ते आपोआप वाढेल. महाड तालुक्यात काळ नदीवर वाळण कोंड आहे, देवीचा डोह म्हणून तिथला महसीर कोणी पकडत नाही, खायला घालतात. तुमच्याकडे पावरा आणि भिल्ल वस्त्यांवर असा देवाचा डोह आहे का ते शाळेतल्या पोरांना विचारायला लावा. आणि उत्तर आलं तर मला कळवा, मला खरंच पाहिजे आहे.

प्रश्न : तापीत जाळ्यात मोठा मिशावाला काळपट मासा आला, तीन किलोचा. दुकानदार म्हणाला मागूर आहे. परत सोडला. बरोबर केलं का?

उत्तर : नाही. देशी मागूर तीन किलोचा होत नाही, तो थाई मागूर असणार, म्हणजे मूळचा आफ्रिकेतला, 2000 पासून आपल्याकडे बंदी आहे. जे दिसेल ते खातो. पुढच्या वेळी परत सोडू नका आणि विकूही नका, काठापासून लांब खड्डा करून पुरा.

प्रश्न : दादा, मी अमळनेर तालुक्यातली, बोरीकाठची. माझा दीर आणि त्याचे मित्र रात्री बॅटरी आणि इन्व्हर्टर घेऊन नदीवर जातात, करंट लावून मासे आणतात. सासूबाई म्हणतात पोरगं कमावतंय. मला भीती वाटते. काय करू? नाव छापू नका.

उत्तर : ताई, भीती बरोबर आहे. या धंद्यात ओल्या बांबूला तार बांधून माणूस स्वतः गुडघाभर पाण्यात उभा असतो, पाय घसरून तारेवर पडला तर मित्र त्याला हात लावायला जातो आणि तोही जातो. माशांचं म्हणाल तर जेवढे हातात येतात त्याच्या कितीतरी पट तळाशी जातात, कण्याचं हाड मोडलेले, ते कोणाच्याच कामाचे नाहीत. स्फोटकं आणि विष घालून मासे मारायला तर 1897 च्या कायद्यापासून बंदी आहे, करंटवाल्यांवरही कारवाई होते, पण पोलिसात जा असं मी तुम्हाला सांगणार नाही, त्या घरात तुम्हाला राहायचंय. सासूबाईंना माशांबद्दल काही सांगू नका, त्यांना मासे कळतात. त्यांना फक्त एवढं विचारा की पोरगं रात्री जातं तेव्हा कोणती चप्पल घालून जातं आणि परत येतं तेव्हा कपडे कुठपर्यंत ओले असतात. दिराशी तुमच्या नवऱ्यालाच बोलू द्या, दिवसा, मित्र नसताना. त्याला मासेमारीच करायची असेल तर पाग टाकायला शिकवणारा एखादा जुना भोई तुमच्याच गावात असेल. आणि तोपर्यंत त्यानं आणलेल्या माशाला मसाला वाटायचा नाही, तेवढं तर तुमच्या हातात आहे.