शिडी, काचा आणि पहिला मजला : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : काका नमस्कार. मी लातूरचा, वय 24, दुकानं आणि क्लासेसच्या बिल्डिंगांच्या काचा पुसायचं काम करतो. गुत्तेदारानं 22 फुटी अॅल्युमिनियमची शिडी दिलीय, पहिल्या मजल्याच्या काचा तिच्यावर चढूनच पुसायच्या. खाली धरायला कधी माणूस असतो कधी नसतो. मागच्या आठवड्यात शिडी बुडातून सरकली, खिडकीचं ग्रिल हाताला लागलं म्हणून वाचलो. बेल्ट मागितला तर म्हणतो, एका मजल्याला कशाला लागतो बेल्ट. मी स्वतःच्या पैशानं घेऊ का? आणि शिडी नेमकी लावायची कशी?

उत्तर : लेकरा, तुझं पत्र वाचून मी दोन मिनिटं तसाच बसून राहिलो. माझ्या नोकरीतली गोष्ट आहे, आमच्या कारखान्यात एक जण जेमतेम 9 फुटांवरून पडला, वरची ट्यूब बदलत होता, शिडी मीच धरली होती, कुणीतरी हाक मारली म्हणून मी मान वळवली, बस्स तेवढंच. तो जगला, पण कमरेखाली पुन्हा चालला नाही. म्हणून कुणी "एकच तर मजला" म्हणलं की मला राग येतो. 10 फुटांवरून माणूस खाली यायला एक सेकंदसुद्धा लागत नाही, आणि जमिनीला लागतो तेव्हा वेग ताशी 27 किलोमीटरच्या घरात असतो. तेवढ्या वेळात कुणाला काही सुचत नाही. तुला ग्रिल सापडलं हे नशीब, ते रोज सापडत नाही.

आता बेल्टचं. इथं बरेच लोक फसतात म्हणून नीट वाच. पाठीला हुक असलेला फुल बॉडी हार्नेस (खांदे-मांड्यांना बांधायचा पट्टा) आणि 6 फुटी शॉक अॅब्सॉर्बरवाला (झटका खाणारी शिवलेली पट्टी असलेला) दोर घेतलास, आणि पडलास, तर आधी दोर 6 फूट खाली जातो, मग तो अॅब्सॉर्बर फाटत फाटत आणखी साडेतीन फूट, शिवाय पाठीच्या हुकापासून तळपायापर्यंत तुझं अंग 5 फूट, आणि थोडी मोकळी जागा पाहिजेच. म्हणजे दोर जिथं अडकवला तिथून खाली साधारण 18 फूट रिकामं असेल तर तो दोर कामाचा, पहिल्या मजल्यावर दोर ताणायच्या आधीच तू फरशीवर असशील. आणि शिडीलाच अडकवला तर काय, शिडीसकट खाली. ग्रिल, नळाचा पाइप, एसीचा स्टँड यांनाही दोर बांधायचा नाही, ते झटका सहन करायला केलेलेच नसतात. वरून गच्चीतल्या पक्क्या जागेवर, छोटा दोर, पडूच देणार नाही एवढाच, असा बांधला तर उपयोग, पण ते बसवून द्यायचं काम गुत्तेदाराचं, तुझ्या खिशातलं नाही.

म्हणून माझं पहिलं म्हणणं हे की पहिल्या मजल्याला चढूच नकोस. खालूनच पुस. लांब पोल मिळतो, टोकाला ब्रश, पाइपमधून पाणी वर जातं, घासायचं आणि भरपूर पाण्यानं धुवून सोडून द्यायचं, वायपरसुद्धा लागत नाही. फक्त आपल्याकडचं बोअरचं पाणी लई जड, वाळलं की काचेवर पांढरे डाग उठतात आणि मालक म्हणतो पुसलंच नाही. शेवटचं पाणी आरओचं मारायचं, टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, जितका कमी तितके डाग कमी. फुकट नाही हे खरं, पण गुत्तेदाराला सांग, धरायला वेगळा माणूस लागत नाही. पोल अॅल्युमिनियमचा असला तर वर विजेच्या तारा बघूनच उभा कर, शिडीचंही तेच, ओल्या हातानं तर अजिबात नाही.

ब्रिटनमध्ये उंचीवरच्या कामाचे नियम 2005 साली आले, त्यात क्रमच तसा आहे, आधी उंचीवर जाणं टाळा, टाळता येत नसेल तर पडणं अडवा, तेही जमत नसेल तर मग पडल्यावरची इजा कमी करा. तिथं किमान उंची अशी काही लिहिलेली नाही, पडून इजा होईल एवढी उंची बास. आपल्या 1948 च्या कारखाना कायद्यातही (2025 मध्ये त्याच्या जागी नवी कामगार संहिता आली) कलम 32 मध्ये उंचीवरून पडायची शक्यता असेल तिथं कठडा किंवा दुसरी सोय करायची असं लिहिलं होतं. आणि कामावर अपघात झाला तर भरपाई मालकानं द्यायची हे आपल्याकडे 1923 च्या कायद्यापासून आहे, गुत्तेदाराला हे शांतपणे सांग.

तरी कधी चढावंच लागलं तर बूड भिंतीपासून चार फुटांमागे एक फूट लांब ठेव, म्हणजे शिडी 16 फुटांवर टेकत असेल तर 4 फूट. मोजायला टेप नसला तर शिडीच्या बुडाशी पायाची बोटं टेकवून ताठ उभा रहा आणि हात सरळ पुढं कर, तळवे समोरच्या पायरीला आरामात लागले की बरोबर. काचेवर किंवा प्लास्टिकच्या पन्हाळीवर टेकवायची नाही, भिंतीवर टेकव. वरच्या तीन पायऱ्यांवर पाय नको. एक हात आणि दोन्ही पाय, किंवा दोन हात आणि एक पाय, कायम शिडीला, आणि कंबरेचा बकल दोन्ही दांड्यांच्या आतच राहिला पाहिजे, हात पुरत नसेल तर उतर आणि शिडी सरकव, ते दोन मिनिटांचं कंटाळवाणं काम केलंच पाहिजे. एका वेळी अर्ध्या तासाच्या वर शिडीवर थांबायचं नाही. शिडीचं डोकं वर बांधता आलं तर बांध.

तुझी सरकली कशामुळं ते मला अंदाजानं कळतं, साबणाचं पाणी शहाबादी फरशीवर सांडलं असणार. त्या फरशीवर ओलं असताना नुसतं चालायलाही भीती वाटते. बुडाचे रबर झिजलेत का बघ, आधी फरशी कोरडी कर. काळ्या मातीत उलटं, पावसानंतर एक पाय खोल जातो, तिथं खाली जाड फळी टाक. मे महिन्यात 42 डिग्रीला अॅल्युमिनियमच्या पायऱ्या हाताला चटके देतात, चक्करही येते, म्हणून काम सकाळी दहाच्या आत उरक. वावटळ उठली की लगेच खाली.

आणि बँकेत जाऊन पंतप्रधान सुरक्षा विमा काढ. वर्षाला 20 रुपये, अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वाला 2 लाख, वय 18 ते 70. आजच जा.

प्रश्न : गौरी-गणपतीच्या आधी आम्ही खिडक्या पुसायला एका मुलाला बोलावतो. तो बाहेरच्या छज्जावर उभा राहतो, मला बघवत नाही. नको म्हणलं तर म्हणतो, रोजचंच आहे काकू. काय करू? (गृहिणी, नांदेड)

उत्तर : ताई, छज्जा ऊन-पाऊस अडवायला असतो, माणसाच्या वजनासाठी नाही, जुन्या घरात तर गंजलेलं लोखंड आतून कुजलेलं असतं आणि वरून दिसत नाही. त्याला सरळ सांगा की छज्जावर उभा राहिलास तर काम नको, पैसे पूर्ण देते. हे तुमच्याकडूनच यायला पाहिजे, तो बोलणार नाही, त्याला उद्याचं काम जायची भीती असते. स्लायडिंग खिडकीची काच बहुतेक वेळा आत काढून पुसता येते. नाही निघाली तर तेवढी एक काच यंदा मळकी राहू द्या, गौरी रागावणार नाहीत.

प्रश्न : बांबूची शिडी चालेल का? घरी आजोबांची आहे, ऑइल पेंट मारून ठेवलीय. (वाचक, बीड)

उत्तर : पेंट मारलेली शिडी मी तरी वापरणार नाही, आतली चीर, किडा, सैल खिळा सगळं रंगाखाली लपतं. रंग खरवडून उन्हात बघा, पायऱ्यांच्या बांधणीची दोरी नखानं ओढा, तुसं निघाली किंवा एक जरी पायरी हलली तर ती सरपणात टाका. आणि कुणी पडलंच तर उचलून रिक्षात घालू नका, मान-पाठ हलवायची नाही, 108 लावा आणि गाडी येईपर्यंत डोकं दोन्ही हातांनी स्थिर धरून ठेवा.